‘चांगलं कुठं मिळतं?’ हा प्रश्न सोडा : सोलापुरात नव्यानं आलेल्यांसाठी बाहेर खाण्याची आणि खाल्लेलं सांगण्याची रीत

मी मूळची चिपळूणची. नऊ वर्षांपूर्वी बदली होऊन सोलापुरात आले. खोली दोन दिवसांत मिळाली, गॅस यायला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे दोन्ही वेळचं जेवण बाहेर. शाखेत भेटेल त्याला विचारत सुटले, “इथं चांगलं जेवण कुठं मिळतं?” सात जणांनी सात नावं सांगितली. मी सातही ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी कुलूप, एका ठिकाणी “ताट संपलं ताई”. दोन ठिकाणी पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी. एका ठिकाणी आत शिरल्यावर वीस पुरुषांनी एकदम जेवण थांबवून माझ्याकडं पाहिलं. उरलेल्या दोन जागा बऱ्या होत्या, पण संध्याकाळी सातला तिथं जे मिळालं ते सांगणाऱ्यानं सांगितलेलं नव्हतंच.

सांगणाऱ्यांची काही चूक नव्हती. प्रत्येकानं आपल्या जिभेचं, आपल्या वेळेचं ठिकाण सांगितलं होतं. मी विचारताना वेळ सांगितली नाही, काय खायचंय तेही सांगितलं नाही. सोलापुरात अख्खं हॉटेल चांगलं असं क्वचित असतं. चांगलं असतं ते एखादं ताट, आणि तेही त्याच्या वेळेला. हे कळायला मला वर्ष लागलं. आता दर जूनमध्ये बदलून आलेले दोन-चार जण मला तोच प्रश्न विचारतात. दरवेळी तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

सोबत काय असावं

- सुटे पैसे. मोबाइलवरून पैसे बहुतेक ठिकाणी चालतात, पण दुपारच्या गर्दीत रेंज गेली की गल्ल्यावरचा माणूस आणि मागची रांग दोघंही तुमच्याकडं बघतात.
- झाकणाचा स्टीलचा डबा. रस्सा पिशवीतून न्यायची वेळ येऊ नये.
- पाण्याची बाटली. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं छोट्या जागी जार किंवा टँकरचं पाणी असतं. पोट नवं असेल तर पहिला महिना आपलं पाणी आपल्याजवळ.
- मोठा हातरुमाल. कारण पुढं कळेल.
- छोटी वही, किंवा फोनमधली टिपणाची जागा.

१. आधी स्वतःची जीभ सांगायला शिका

मी भात-मासे-नारळावर वाढलेली. इथं भाकरी, शेंगदाणा आणि लाल मिरची. पहिल्या महिन्यात मी इथल्या रश्श्याला “फार तिखट” म्हणत होते. शाखेतले शिपाई मामा हसून म्हणायचे, “मॅडम, हे लहान पोरांचं आहे.” दोघंही खरं बोलत होतो.

म्हणून विचारताना आणि सांगताना पहिलं वाक्य आपल्याबद्दलचं असू द्या: कुठले, तिखट किती चालतं, काय खात नाही. मी अजूनही कुणाला काही सुचवलं तर “मी कोकणातली आहे हं” हे आधी सांगते. मग ऐकणारा आपल्या हिशोबानं एक मिरची कमी-जास्त करतो.

इथला सर्वांत महत्त्वाचा इशारा इथंच देते. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर सोलापुरात प्रत्येक ठिकाणी तोंड उघडून विचारा. शेंगा चटणी डोळ्यांना दिसते, तिचं काही नाही. पण भाजीत कूट, आमटीत कूट, वांग्याच्या सारणात कूट, इडलीच्या चटणीत खोबऱ्याच्या जागीही बऱ्याचदा शेंगदाणाच. “शेंगा आहेत का?” असं विचारलंत तर “नाही” म्हणतील, कारण अख्ख्या शेंगा नसतातच. “दाण्याचं कूट, शेंगतेल काही आहे का? मला त्रास होतो, दवाखान्यात न्यावं लागतं” असं पूर्ण वाक्य बोला.

आणि “कमी तिखट करा” म्हणण्यात अर्थ नाही. खानावळीत रस्सा सकाळीच एका पातेल्यात झालेला असतो, तुमच्यासाठी तो पुन्हा कोण करणार? त्याऐवजी दही मागा.

२. प्रश्न नीट विचारा, आणि योग्य माणसाला विचारा

माझा आजचा प्रश्न असा असतो: “मालक, उद्या सकाळी आठला अशोक चौकाकडं काम आहे. एकटीच आहे. इडली तुम्ही स्वतः कुणाकडं खाता?” (सोलापुरात दुकानदाराला, रिक्षावाल्याला, ओळख नसलेल्या कुणालाही ‘मालक’ म्हणतात. पहिल्यांदा मला कुणी ‘मालक’ म्हटलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं.)

यात वेळ आली, भाग आला, पदार्थ आला, सोबत कोण ते आलं. शेवटचं ‘तुम्ही स्वतः’ सोडू नका. “कुठं चांगलं मिळतं?” म्हटलं की माणूस पाहुण्याला दाखवायचं, खुर्च्यांना कव्हर असलेलं हॉटेल सांगतो. “तुम्ही कुठं खाता?” म्हटलं की तो क्षणभर थांबतो, आणि मग खरी गल्ली सांगतो.

विचारायचं त्या भागात रोज उभं राहून काम करणाऱ्याला. हार्डवेअरच्या दुकानातला पोऱ्या, झेरॉक्सवाला, यंत्रमागावरचा कामगार, टपाल वाटणारे. यांना दुपारी एकला भूक लागते आणि खिशात मोजके पैसे असतात, त्यामुळं ते चुकत नाहीत. स्टेशनाबाहेर तुम्ही काय खाता हेही न विचारता थेट एखाद्या हॉटेलाचं नाव घेऊन “चला, सोडतो” म्हणणाऱ्याचं मात्र ऐकू नका.

३. शहर भागांत नको, वेळांत वाटून घ्या

पार्क चौकाजवळ चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला इंग्रजांनी यांना येरवड्यात फाशी दिली. मी पहिल्यांदा ती नावं ओळीनं वाचली तेव्हा मनात आलं, चार घरांत चार वेगळ्या चुली पेटत असणार. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच रस्त्यावर ऐकू येतात, आणि प्रत्येक भाषेची भूक लागायची वेळ निराळी.

*सकाळ पूर्व भागाची.* अशोक चौक, साखर पेठ, कन्ना चौक हा सगळा पट्टा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा. चादर-टॉवेलचे माग आणि विड्यांचे कारखाने यांच्या वेळांवर इथला नाश्ता चालतो, म्हणजे लवकर. इडली, वडा, डोसा गाड्यांवर आणि अरुंद दुकानांत. दहाला गेलात तर खरवड मिळेल. इथं ‘अण्णा’ म्हणायचं. चटणी संपली तर वाटी नुसती पुढं करा, बोलावं लागत नाही.

*दुपार खानावळींची.* तिच्यावर पुढं वेगळं लिहिलंय.

*दुपारी तीन ते सहा कुणाचीच नाही.* एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या बराच वर असतो. त्या वेळी बाहेर जेवायला निघालेला माणूस नवा आहे हे लांबून ओळखू येतं.

*संध्याकाळ पार्क चौकाची.* स्टेडियमच्या कडेनं भेळ, पाणीपुरी, पावभाजी, भजी. नव्या माणसाला एकट्यानं जायला ही सर्वांत सोपी जागा: उघड्यावर, उजेडात, बायका-पोरांची गर्दी. उन्हाळ्यात आठच्या आधी जाऊ नका, फरशी अजून तापलेली असते. इथं खाणं ठीकठाक, माणसं बघणं उत्तम. (हे माझं मत. माझ्या मैत्रिणीला हे वाक्य दाखवलं तर ती पावभाजीसाठी माझ्याशी दोन दिवस बोलणार नाही.)

*रात्र विजापूर वेशीची,* आणि रमजानमध्ये तर खासच. रोजा सुटल्यावर मीना बाजार भरतो. कोळशावरचा शीक, पराठा, खीर, फिरनी, आणि गर्दी अशी की आपण चालत नाही, गर्दीच आपल्याला नेते. डालचा-खाना, म्हणजे मटण घातलेली आंबट डाळ आणि भात, हॉटेलात शोधण्यापेक्षा कुणाच्या लग्नाचं आमंत्रण मिळवा. मांस कशाचं आहे हे खाण्याआधी सरळ विचारा. विचारलेलं कुणाला लागत नाही. खाऊन झाल्यावर विचारलेलं मात्र दोघांनाही लागतं.

आणि काही गोष्टी घड्याळावर नसून पंचांगावर आहेत. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हुरडा. शेतात आगटी पेटवून कोवळी कणसं भाजायची आणि गरम असताना तळहातावर चोळायची. सोबत शेंगा चटणी, दही, गूळ, बोरं. सुरती, गूळभेंडी अशी हुरड्याच्या ज्वारीची नावं ऐकू येतील, लिहून ठेवा. हुरडा पार्ट्यांच्या जाहिराती लागतात, पण कुणाच्या शेतावर जायला मिळालं तर पैसे भरून जाऊ नका. सकाळी जा. दुपारच्या जेवणानंतर ‘थोडा हुरडा’ जमत नाही, पोट दुखतं. त्याच सुमारास वेळ अमावस्या येते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली सगळी घरं त्या दिवशी शेतावर असतात आणि बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील घेऊन बसतात. त्या दिवशी तुम्ही हॉटेल शोधत असाल तर जूनपासून ओळखी केल्याच नाहीत असं समजा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा: होम मैदानावर पाळणे, धूळ, आणि खाण्याचे इतके गाडे की ठरवून काहीच खाल्लं जात नाही.

४. खानावळीतली पहिली दुपार

नवी माणसं सर्वांत जास्त इथंच बावरतात, म्हणून सविस्तर सांगते.

‘सावजी’ असा फलक दिसला तर नागपूर डोक्यातून काढा. नागपूरचं सावजी हलबा कोष्टी समाजाचं. इकडचं, म्हणजे सोलापूर-हुबळी-गदग पट्ट्यातलं, सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचं. नाव एक, मसाला वेगळा. आमच्याकडं बदलून आलेल्या एका नागपूरकर साहेबांनी पहिल्या घासालाच “हे सावजी नाही” असं जाहीर केलं होतं. गल्ल्यावरच्या आजींनी त्यांना शांतपणे विचारलं, “मग फळ्यावर कुणाचं नाव लिहिलंय मी?”

वेळ साडेबारा ते दीड. अडीचनंतर पातेल्याच्या तळाशी जाता.

आत गेल्यावर:

१. मेन्यूकार्ड शोधू नका. भिंतीवर फळा असतो, नाहीतर वाढणारा एका दमात म्हणून दाखवतो. ऐकू आलं नाही तर पुन्हा म्हणायला लावा, सगळे लावतात.

२. बसण्याआधी तीन गोष्टी विचारा: ताटात भाकरी किती, रस्सा परत मिळतो की वाटीचे पैसे, पीस किती. बिलावरून होणारी बहुतेक भांडणं याच तीन गोष्टींची असतात.

३. पहिल्यांदा ‘सुक्कं’ मागा. त्यात मसाला आणि शिजवणं दोन्ही कळतं. रस्सा सोबत येतोच.

४. भाकरी ज्वारीचीच घ्या. चपाती मागितलीत तर कुणी नाही म्हणणार नाही, पण तुम्ही मालदांडीच्या मुलखात बसला आहात. एम ३५-१ हे मालदांडीचं वाण मोहोळला निवडलं गेलं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगल्या भाकरीची खूण म्हणजे चावल्यावर मागं राहणारी किंचित गोडी. ती नसेल तर पीठ जुनं.

५. कडक भाकरी असेल तर ती हातानं चुरून रश्श्यात टाकायची आणि मिनिटभर थांबायचं. मी पहिल्यांदा पापडासारखी नुसती खात बसले होते. समोरच्या काकांनी न राहवून माझ्या ताटात स्वतः चुरून दिली. ओळख ना पाळख.

६. आता तो हातरुमाल. मान, कपाळ, नाक, याच क्रमानं लागेल.

बायकांनी एकटीनं किंवा दोघींनी जायचं असेल तर आधी फोन करून “फॅमिलीची जागा आहे का?” विचारा. ‘फॅमिली’ म्हणजे पडदा लावलेली दोन टेबलं असतील, पण ती असणं म्हणजे त्या घरानं बायका येणार हे गृहीत धरलंय. माझा अनुभव असा की खानावळ घरची असेल आणि गल्ल्यावर बाई असेल तर बाकड्यावर बसूनही काही अडचण येत नाही. जिथं दारू चालते तिथलं गणित वेगळं. तिथं रात्री जाऊ नका, दुपारी पार्सल आणा.

श्रावणात, सोमवारी, गुरुवारी, एकादशीला काही खानावळी बंद, काही अर्ध्या. त्याआधीच्या आखाडात जागा मिळणार नाही इतकी गर्दी. सोमवारी शाकाहारी पाहुणे घेऊन निघालात तर उलट सोय चांगली: झुणका, भरलं वांगं, धपाटे, दही, शेंगा पोळी. शेंगा पोळी मात्र जेवणात उरकू नका, दुसऱ्या दिवशी तुपाबरोबर जास्त चांगली लागते.

शेंगा चटणी घरी न्यायची तर बाळीवेस भागात फिरा. चिमूटभर हातावर मागा, सगळे देतात. बोटांना तेल सुटलं पाहिजे आणि दाणा थोडा भरड लागला पाहिजे. उखळात कुटलेली अशी होते. मिक्सरमधली पिठासारखी, कोरडी. पहिल्यांदा शंभर ग्रॅमच. दोन दुकानांतला फरक घरी दह्याबरोबर खाऊनच कळतो, दुकानात उभ्या-उभ्या सगळ्याच चटण्या चांगल्या लागतात.

५. एका जेवणावर निकाल देऊ नका

माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षी एका खानावळीत दुपारी चारला गेले. रस्सा आटलेला, मटण चिवट, भाकरी वातड. पुढं सहा महिने जो विचारेल त्याला सांगत राहिले, “तिथं अजिबात जाऊ नका.” नंतर एका सहकाऱ्यानं दुपारी साडेबाराला न सांगता तिथंच नेलं. मी दारात थबकले, पण तो पुढं निघून गेला होता. त्या दिवशी जे जेवले ते मी अजूनही या शहरातलं माझं सर्वांत चांगलं मटण म्हणून सांगते. चारला आलेल्या माणसाला त्यांनी खरं तर “संपलं” म्हणायला हवं होतं, ही त्यांची चूक. पण एका वेळच्या जेवणावर मी सहा महिने निकाल सांगत फिरले, ही माझी.

तेव्हापासून माझा नियम: चांगलं वाटलं तर एकदा खाऊनही सांगते, वाईट वाटलं तर वेगळ्या वेळी दुसऱ्यांदा जाऊन मगच. पोट बिघडलं किंवा कुणी उद्धट वागलं तर अर्थातच दुसऱ्यांदा जायचं कारण नाही.

६. बिल

पटकन सांगते. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. बिलावर ‘कंपोझिशन’ लिहिलं असेल तर त्यांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. तो लावला असेल तर विचारा. सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचना तशा आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या ग्राह्य धरल्या. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असायला हवा, १ जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. कच्च्या चिठ्ठीवर तो नसतो. गाड्यावर जाऊन बिल मागत बसू नका, पण दहा जणांचं जेवण असेल तर पक्कं बिल घ्याच.

७. आता तुमची पाळी: खाल्लेलं सांगायचं कसं

“एक नंबर! लई भारी! नक्की जा!” यातून ऐकणाऱ्याला काही कळत नाही. मी वहीत कसं लिहिते ते बघा (तारीख आणि दर इथं गाळलेत):

> मंगळवार, दुपारी पाऊण. विजापूर वेशीच्या आतली खानावळ, गल्ल्यावर आजी. मटण सुक्कं ताट, ज्वारीची भाकरी. मटण मऊ, रस्सा पातळ पण खमंग, तिखट मला जास्त (मी कोकणातली). दही वेगळं मागावं लागलं. बाकडी आहेत, पंखा एकच, दाराजवळ बसावं. आम्ही दोघी होतो, कुणी वळून पाहिलं नाही. दोनला ताट संपलं.

हे वाचून एखादा म्हणेल “मला जमेल”, दुसरा म्हणेल “पंखा एकच? नको.” दोघांचंही काम झालं.

लिहिताना न चुकता घाला: तारीख, वेळ, काय खाल्लं, किती जण, काय दर पडला, बसायची सोय, आणि एक तरी उणी गोष्ट. उणं काहीच नसलेल्या शिफारशीवर मी स्वतः विश्वास ठेवत नाही. जे खाल्लं नाही त्याबद्दल गप्प बसा. “बिर्याणी पण भारी असेल” हे वाक्य मी स्वतः एकदा लिहिलं होतं. एका कुटुंबानं त्यावर भरवसा ठेवला, आणि पुढं वर्षभर त्यांनी मला हळदी-कुंकवाला बोलावलं नाही.

मालक ओळखीचे असतील, किंवा त्यांनी पैसे घेतले नसतील, तर तेही लिहा. पैसे किंवा भेट घेऊन समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यानं ते उघड सांगावं असं ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवलंय, पण त्याआधी साधी गोष्ट ही की फुकटचं ताट नेहमी चार आणे जास्त चवदार लागतं.

फोटोबद्दल: ताटाचा काढा, माणसांचा नको. एकदा श्रावणात मी रश्श्याचा फोटो काढला आणि मागच्या बाकावरचे एक गृहस्थ तोंडाला रुमाल लावून माझ्यापाशी आले. “ताई, तेवढा फोटो काढून टाका. घरी श्रावण आहे.” मी त्यांच्यासमोरच पुसला. त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले.

८. वाईट अनुभव आला तर

पहिल्यांदा गल्ल्यावर सांगा, तिथंच, हळू आवाजात. दहापैकी आठ वेळा ताट बदलून मिळतं. अन्नात काही सापडलं तर फोटो, बिल, वेळ जपून ठेवा. बिलाच्या किंवा फसवणुकीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि अन्नाच्या स्वच्छतेची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं.

चारचौघांत लिहिताना जे झालं तेवढंच लिहा. “अमुक तारखेला मला डाळीत केस सापडला, सांगितल्यावर डाळ बदलून दिली नाही” हे तुमचं पाहिलेलं, हे लिहिता येतं. “हे लोक शिळंच खाऊ घालतात” हे तुम्ही पाहिलेलं नाही. बदनामीचा कायदा आहेच, आणि त्या पातेल्यावर पाच-सहा घरं जगत असतात हेही आहे. एका रागात लिहिलेल्या ओळीनं एखाद्या छोट्या जागेचं दुपारचं गिऱ्हाईक तुटू शकतं, मोठ्या हॉटेलाला तिचा पत्ताही लागत नाही.

९. पाहुण्यांना नेताना

आपल्या आवडीच्या ठिकाणी नेऊ नका. त्यांच्या आवडीच्या जवळपासचं, पण सोलापुरी असं शोधा. माझ्या आईला मी पहिल्यांदा मोठ्या हौसेनं सावजीत नेलं. ती भाकरी आणि दही खाऊन उठली आणि चिपळूणला परत जाईपर्यंत “तुझ्या सासरी नाही, बदलीच्या गावी हाल झाले” म्हणत राहिली. दुसऱ्या खेपेला तिला पूर्व भागात सकाळी इडली, दुपारी घरी शेंगा पोळी, आणि दुसऱ्या दिवशी अक्कलकोट. अक्कलकोट साधारण चाळीस किलोमीटर. स्वामी समर्थांच्या अन्नछत्रात पंगतीत बसलो. वरण-भात, भाजी, पोळी, शेजारी कोण ते कुणी विचारत नाही. आईनं दोनदा भात घेतला. पंढरपूर, तुळजापूर करायला आलेल्या पाहुण्यांनाही मी आता हाच मार्ग सुचवते: वाटेवरचं मोठं हॉटेल टाळून एक जेवण अन्नछत्रात.

१०. जुनी पानं खोडा

हे कुणीच करत नाही. खानावळ म्हणजे एक-दोन हात असतात. आचारी गेला, आजी थकल्या, जागा बदलली, की फलक तोच राहतो आणि ताट वेगळं होतं. मी दर वर्षी गड्डा यात्रा संपली की वही घेऊन बसते. दोन वर्षांत गेले नाही अशा ठिकाणापुढं प्रश्नचिन्ह, आणि त्या प्रश्नचिन्हाचं नाव कुणी विचारलं तर “आधी जाऊन येते, मग सांगते.” यंदा अकरा प्रश्नचिन्हं आहेत. जूनच्या बदल्यांच्या आत निदान सहा तरी उरकायची आहेत, त्यातल्या चार दुपारच्या खानावळी. कुणी सोबत येणार असेल तर साडेबाराला तयार राहावं, पाऊणची वाट बघणार नाही.